एका वेळी एकच

आमच्या आश्रमशाळेतले बाबू जेवताना आधी नुसता भात खायचे. तो संपला की वाटीला तोंड लावून वरण प्यायचे, मग भाजी, आणि शेवटी पोळी असलीच तर ती कोरडी. मी शाळेत नवीन रुजू झाले तेव्हा पहिल्याच दुपारी हा प्रकार बघितला आणि मला वाटलं, हा माणूस कुठल्यातरी बुवाच्या नादी लागलेला दिसतो. चार दिवस गप्प बसले. पाचव्या दिवशी विचारलंच.

त्यांनी वाटी खाली ठेवली, मिशी पुसली आणि म्हणाले, "मॅडम, सगळं कालवून खाल्लं अन् पोट बिघडलं, तं दोष कोनाले द्याचा? भाताले का वरनाले? एका टाइमले एकच चीज पोटात गेली पाह्यजे. मंग चोर सापडते."

"आणि पोट बिघडलंच नाही तर?"

"तं सगळे सुटले," असं म्हणून ते भाजीकडे वळले.

पाच-पाच मिनिटांच्या अंतरानं पोटात गेलेलं भात-वरण आत जाऊन कालवलं जातच असणार, हे माझ्या ओठांवर आलं होतं. पण नवीन नोकरी होती, म्हणून गिळून टाकलं.

बाबू वरोऱ्याचे. कापसाच्या बाजारगावात वाढलेला माणूस, बदलीच्या फेऱ्यात चामोर्शीच्या पलीकडे, जंगलाच्या तोंडाशी असलेल्या आमच्या मुलींच्या आश्रमशाळेत येऊन पडला आणि निवृत्त होईपर्यंत तिथेच राहिला. आता ते परत वरोऱ्याला आहेत. हुद्दा लिपिकाचा, म्हणून सगळे बाबू म्हणायचे. त्यांच्या खिशात पेनाशेजारी एक छोटा पेचकस, म्हणजे स्क्रू-ड्रायव्हर, आणि रंगाचा अर्धा इंची ब्रश असायचा. ब्रश कशाला, तर सूरजागडच्या डोंगरातलं लोहखनिज घेऊन जाणारे ट्रक आमच्या फाटकासमोरून दिवसभर धावायचे, आणि त्यांची लाल धूळ मुलींच्या वाळत घातलेल्या फ्रॉकपासून बाबूंच्या कॉम्प्युटरच्या पोटापर्यंत सगळीकडे जाऊन बसायची. दर शनिवारी शाळा सुटली की ते कॉम्प्युटरचा बाजूचा पत्रा काढून, जमिनीवर उकिडवे बसून आतला पंखा झाडायचे. त्या वेळी कुणी बोललेलं त्यांना खपायचं नाही. मुख्याध्यापकसुद्धा दारातून परत फिरायचे.

बायको वरोऱ्यातच राहायची, पण माहेरी. याबद्दल कुणी विचारायची गरज नसे, ते स्वतःच सांगत. "भांडनाची कारनं एक-एक काढून पाह्यली मॅडम. पह्यले टीव्ही काढला. मंग माहा तमाकू काढला. मंग मायले भावाकडं धाडलं. एक-एक काढत गेलो, तं शेवटी बायकोच निंघून गेली." हे सांगून ते हसायचे, आणि समोरच्याला हसावं की नाही ते कळायचं नाही. मी पहिल्यांदा हसले होते. नंतर नाही.

या खुळाची थट्टा आम्ही सगळेच करायचो. ती थांबली एका दुपारी. वसतिगृहातल्या नऊ मुली एकापाठोपाठ एक ओकायला लागल्या. मुख्याध्यापकांनी दोन मिनिटांत निकाल देऊन टाकला की दोष स्वयंपाकघराचा. आमच्या स्वयंपाकीण पार्वताबाई, नदीकाठच्या गावातल्या ढीवर घरातल्या, नवरा मासेमारी करताना गेलेला, घरात दुसरं कमावणारं कुणी नाही. त्या चुलीसमोर बसून कपाळावर हात मारून घेत होत्या. आदिवासी विकासाच्या प्रकल्प कार्यालयाला फोन गेला असता तर त्यांचं काम त्याच दिवशी सुटलं असतं.

बाबू स्वयंपाकघरात गेलेच नाहीत. ते म्हणाले, "ज्या पोट्ट्या बिमार नाई, त्यायले आधी बोलवा." मला हे तेव्हा वेडेपणाचं वाटलं. घरात आग लागलेली आणि हा माणूस शेजाऱ्याची चौकशी करतोय. पण त्यांनी साठ-सत्तर मुलींना व्हरांड्यात बसवून विचारलं की वरण कुणी खाल्लं, कुणी नाही खाल्लं, दूध कुणी प्यायलं. वरण सगळ्यांनी खाल्लं होतं. दूधही. एकेक पदार्थ असा सुटत गेला. मग उरली ती एकच गोष्ट, की त्या नऊजणी मधल्या सुट्टीत न्हाणीघरामागे खेळत होत्या आणि बाकीच्या नव्हत्या. न्हाणीघरामागे कुंपण होतं चंद्रज्योतीचं, तिच्या बिया विषारी. बाबूंनी तिथून फोडलेल्या बियांची टरफलं रुमालात गोळा करून आणली आणि आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांसमोर ठेवली. शेंगदाण्यासारख्या लागतात म्हणून पोरींनी त्या खाल्ल्या होत्या. दुसऱ्या दिवशी सगळ्या उठून बसल्या. बाबूंनी विळा घेऊन ते कुंपण एकट्यानं तोडलं, हाताला फोड येईपर्यंत.

"बाबू नसते तं माही भाकर गेलीच होती बाप्पा," पार्वताबाई पुढे वर्षभर येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत राहिल्या.

तेव्हापासून मी त्यांच्या पद्धतीवर विश्वास ठेवायला लागले. सगळेच ठेवायला लागले. आता मागे वळून बघते तेव्हा वाटतं, पुढच्या घटनेत आमचा हा विश्वासच सगळ्यात जास्त नडला.

आमच्या ऑफिसात एकच कॉम्प्युटर. त्याची सिस्टीम इतकी जुनी की तिला नवं काही पचत नसे. नव्या मशीनची मागणी वर गेलेली होती आणि ती वरच राहिली होती. त्यात रेंजच्या बाबतीतही आम्ही दरिद्री. मोबाईल लागायचा तो पाण्याच्या टाकीच्या शिडीवर चढल्यावर, तोही वारा पडला असेल तर. त्यामुळे टेलिफोनच्या तारेवर चालणारं ऑफिसातलं इंटरनेट आणि ते म्हातारं मशीन, हीच आमची जगाकडची खिडकी. मुलींचे दाखले, शिष्यवृत्तीचे अर्ज, शाळा सोडून गेलेल्या पोरींचे पुढचे प्रवेश, सगळं बाबू तिथूनच करायचे. शाळा सोडून तीन-तीन वर्षं झालेल्या मुलीसुद्धा बस पकडून फॉर्म भरायला त्यांच्याकडेच यायच्या, कारण त्यांचे सगळे कागद स्कॅन करून त्या मशीनमध्ये ठेवलेले असत, आणि बाबू कुणावर खेकसायचे नाहीत.

त्या पावसाळ्यात ब्राउझरची नवी आवृत्ती आपोआप आली. या सिस्टीमवर हिच्यापुढची आवृत्ती मिळणार नाही, असं सांगणारी एक पिवळी पट्टी वर दिसायला लागली, आणि तेव्हापासून ब्राउझर मधूनच बंद पडू लागला. काम करता करता पान जागेवर थिजायचं, मग काम थांबल्याची चौकट यायची आणि सगळं नाहीसं व्हायचं. कधी अर्ध्या तासानं, कधी दोन मिनिटांत. बाबूंना या गोष्टीचा राग यायला हवा होता. ते उलट खुशीत होते. बऱ्याच दिवसांनी त्यांना तोलामोलाचा चोर मिळाला होता. "सापडते, सापडते," ते म्हणायचे. "एका टाइमले एकच काढाचं. दोन गोष्टी एकदम काढल्या अन् मशीन सुधरली, तं कोनामुळं सुधरली हे जिंदगीभर समजत नाई."

आणि नेमकी त्याच दिवसांत जुरी आली.

जुरी पाचवीपासून दहावीपर्यंत आमच्याकडे होती. माडिया घरातली. तिच्या गावाहून बसच्या रस्त्याला यायलाच दोन तास चालावं लागे. बोलायची कमी, हसताना तोंडावर हात ठेवायची, आणि वर्गात कुणाला लागलं-खुपलं की औषधाची पेटी घेऊन सगळ्यांच्या आधी पोचायची. बारावीला तिला चांगले मार्क पडले होते. तिला नर्स व्हायचं होतं. का, असं मी एकदा विचारलं तर म्हणाली, आमच्या गावात नर्सबाई महिन्यातून दोनदा येते मॅडम, आणि लोक मधल्या दिवसांतच बिमार पडतात. बापानं तिला सांगून ठेवलं होतं की यंदा नंबर लागला तर जा, नाही तर घरच्या कामाला लाग, कारण मागे धाकटी बहीण रासो होती आणि तिलाही शिकवायचं होतं. म्हणजे जुरीला मिळाली होती ती ही एकच खेप.

नर्सिंगच्या अर्जाची मुदत त्या दिवशी संध्याकाळी पाचपर्यंत होती. ती चार दिवस आधीच निघणार होती, पण नाल्याला पूर होता. पाणी उतरलं तशी ती पहाटेच निघाली आणि दहाच्या सुमारास आमच्या फाटकात उभी राहिली, कागदांची प्लास्टिकची पिशवी छातीशी धरून, गुडघ्यापर्यंत चिखलात.

"बस पोरी," बाबू म्हणाले. "तासाभराचं काम."

अर्धा फॉर्म भरला आणि ब्राउझर बंद पडला. पुन्हा उघडला, पुन्हा भरला, पुन्हा बंद. मग बाबूंनी एक कोरा कागद घेतला आणि त्यावर संशयितांची यादी लिहिली. व्हायरस पकडणारा प्रोग्राम. ब्राउझरला चिकटलेल्या चार-पाच जोडण्या. जुना साठलेला कचरा. प्रिंटर. चित्रं वेगानं दाखवायची सोय. असे अकरा. मग ते एकेक काढायला लागले. एक काढायचा, मशीन बंद करून चालू करायची, तिला जागं व्हायला दहा-बारा मिनिटं लागायची, मग फॉर्म पहिल्यापासून भरायचा आणि वाट बघायची. जुरी शेजारी लाकडी स्टुलावर बसून होती. मी तिसऱ्या तासानंतर डोकावले तेव्हा कागदावर चार नावांवर काट मारलेली होती.

दोन वाजता मी पुन्हा गेले. बाहेर झिमझिम चालू होती. माझी स्कूटी व्हरांड्याखाली उभी होती आणि तिची चावी मी पर्समधून काढून हातात घेतली होती.

"बाबू, मी जुरीला चामोर्शीला नेते," मी म्हटलं. "तिथे बाजारात फॉर्म भरून देणारी दुकानं आहेत. वीस-बावीस किलोमीटर तर आहे. कागद पेन ड्राइव्हवर द्या."

बाबूंनी मान वर केली नाही. "सात काढले मॅडम, चार राह्यले. तिथी पोचाले तुमाले पाऊन तास, या ट्रकायच्या रस्त्यानं घंटाबी लागन. आखरी दिवस, दुकानात लाइन असन. इथी तं चारच राह्यले ना. आता सोडून गेलो तं सकाळपासूनची मेहनत पान्यात."

मी जुरीकडे बघितलं. "काय करायचं जुरी?"

"बाबू करून राह्यले ना मॅडम," ती म्हणाली. "माझे सारे फॉर्म त्यायनंच भरले."

मी चावी पर्समध्ये टाकली आणि स्टाफरूममध्ये जाऊन सातवीच्या वह्या तपासत बसले.

अकराचे अकरा काढून झाले तरी ब्राउझर बंद पडतच होता. चार वाजून वीस मिनिटांनी ऑफिसातून बाबूंचा आवाज आला, म्हणून मी धावत गेले. ते खुर्चीवरून उठून उभे होते. पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात, घड्याळाशेजारी, मराठी टाइप करायच्या प्रोग्रामचं छोटं चिन्ह असायचं, ते आता तिथे नव्हतं; शेवटचा उपाय म्हणून बाबूंनी तोही प्रोग्राम काढला होता. तो प्रोग्राम बाबूंनी स्वतः, कितीतरी वर्षांपूर्वी वरोऱ्याच्या एका मित्राकडून सीडीवर आणून घातला होता. मशीन चालू झाली की तो आपोआप चालू व्हायचा आणि गुपचूप सगळ्या प्रोग्रामांच्या आत शिरून बसायचा. नव्या ब्राउझरचं आणि त्याचं जमत नव्हतं. शाळेतलं मराठीतलं प्रत्येक पत्र, प्रत्येक दाखला बाबूंनी त्याच्यावरच टाइप केला होता. तो त्यांचा अभिमान होता. अकराजणांच्या यादीत त्याचं नावच नव्हतं.

"माह्या हातानं घातलेला," ते मला म्हणाले. "त्याच्यावर शक कसा घेऊ?"

पण ब्राउझर आता पक्का उभा राहिला होता. बाबूंनी फॉर्म भरायला घेतला. मराठीतलं नाव जुरीच्या जुन्या दाखल्याच्या फाईलमधून उचलून चिकटवलं. साडेचार झाले. मग कागद चढवायचं पान आलं. पहिला कागद चढला. दुसरा चढला. राज्यातल्या सगळ्या पोरी त्याच घटकेला तेच बटण दाबत असणार, कारण तिसऱ्या कागदाला ते गोल फिरणारं चक्र लागलं आणि फिरतच राहिलं. आम्ही तिघं, आणि दारात पार्वताबाई, त्या चक्राकडे बघत उभे होतो. तिसरा चढला तेव्हा पाचला तीन मिनिटं कमी होती. चौथ्या कागदाला पान पांढरं झालं. मग त्यावर इंग्रजीत एक ओळ आली की मुदत संपली आहे.

बाबूंनी ती ओळ दोनदा वाचली. मग पान नव्यानं उघडून बघितलं, आणि तिसऱ्यांदा वाचली.

जुरी रडली नाही. तिनं टेबलावरचे कागद गोळा करून पिशवीत भरले, पिशवीला गाठ मारली आणि म्हणाली, "बाबू, तुम्ही जेवले नाही आज."

पार्वताबाईंनी तिला पोहे खायला घातले. साडेपाचच्या बसला बाबू तिला फाटकापर्यंत सोडायला गेले आणि बस वळणापलीकडे गेल्यावरही बराच वेळ तिथेच उभे राहिले. पुढच्या वर्षी बघू, असं आम्ही सगळ्यांनी तिला सांगितलं होतं. ते म्हणताना प्रत्येकाला माहीत होतं की तिला पुढचं वर्ष नाही.

त्या ब्राउझरनं त्यानंतर एकदाही त्रास दिला नाही. वर्षभर सुरळीत चालला. मला त्या मशीनकडे बघवत नसे.

थंडी सरत आली की आमच्या भागातली माणसं जीपा भरभरून तेलंगणात मिरची तोडायला जातात. त्या वर्षी जुरीही गेली. शेताच्या बांधावर प्लास्टिक ताणून राहायचं, दिवसभर तोडायचं. महिन्याभरानं तिला ताप आला. मुकादम म्हणाला दोन दिवसांत उतरेल. तो उतरला नाही, मग सहाव्या दिवशी परत येणाऱ्या एका जीपमध्ये तिला घालून पाठवलं. मलेरिया डोक्यात गेला होता. गडचिरोलीला पोचायच्या आधीच ती गेली. रासो तेव्हा आमच्याकडेच दहावीला होती. तिला न्यायला आलेल्या गाववाल्यानं फाटकात उभं राहून हे सांगितलं. मी रासोची पेटी भरून दिली. बाबू ऑफिसातून बाहेर आलेच नाहीत.

आठवड्यानं त्यांनी मला बोलावलं. टेबलावर एक कागद होता.

"बसा मॅडम. पाहा, मी एक-एक काढून पाह्यलं," ते म्हणाले. आवाज अगदी साधा होता, वर्गात उत्तर समजावून सांगावं तसा. "डास काढला. डास तं तिच्या गावातबी हाय. पन गावात आशाताई रगत तपासते, गोळी देते. तिथी शेतात कोन देईन? म्हंजे मिरची. मिरचीले काऊन गेली? तं घरी बसून होती. घरी काऊन बसली? तं नर्सिंगले गेली नाई. काऊन नाई गेली? तं फॉर्म नाई गेला." त्यांनी कागदावर बोट ठेवलं. "सगळे काढून झाले मॅडम. आखरीले मी उरलो."

मी जे बोलायचं असतं ते बोलले. असं काही नसतं, तुम्ही तर दिवसभर खपलात, शेवटी नशीब असतं एकेकाचं.

ते चिडले. मी त्यांना चिडलेलं तेवढं एकदाच बघितलं. "नशीब म्हंजे न तपासलेलं कारन," ते म्हणाले.

त्या कागदावर माझं नाव नव्हतं. मी तो नीट वाचून बघितला होता. आणि ते नाही हे बघून मला सुटल्यासारखं वाटलं, हेही इथे लिहूनच टाकते.

पुढच्या रविवारी बाबू म्हणाले, तिच्या बापाले सांगून येतो, पन एकट्याले जमत नाई, तुम्ही चला. आम्ही बसनं गेलो, मग दोन तास चाललो. मोहफुलं वेचायचे दिवस होते, झाडांखालची जमीन झाडून ठेवलेली होती. बाबू साठीला टेकलेला माणूस, पायात रबरी चपला, पण एकदाही बसला नाही.

जुरीच्या बापानं खाट टाकली, पाणी दिलं. तिची आई भिंतीला टेकून बसली होती. तिला माडियाच येत होतं, म्हणून रासो तिच्याजवळ बसून आमचं बोलणं तिला सांगत होती. बाबू खाटेवर बसले नाहीत. अंगणात उभे राहून त्यांनी सगळं सांगितलं. ब्राउझर कसा बंद पडत होता, दोष त्यांनीच घातलेल्या प्रोग्रामचा कसा होता, मॅडम तिला चामोर्शीला नेत होत्या तर आपणच कसं थांबवलं. काही झाकलं नाही. शेवटी म्हणाले, "माह्यामुळं झालं."

बाप गोंधळून त्यांच्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "नाई बाबू. जुरी तं अशी नाई सांगे. मीच उशिरा पोचली म्हने. नाल्याले पानी होतं म्हने. बाबू तं माह्यापायी दिवसभर उपाशी राह्यले म्हने."

बाबू खाली बसले. खाटेवर नाही, जमिनीवर.

पोरीनं घरी जाऊन सगळा दोष स्वतःवर घेतला होता. दोन तास चालत घरी जाताना तिनं हे ठरवलं असेल, असं मनात आलं आणि मला रडू आवरेना. तिच्या आईनं माझ्याकडे बघितलं आणि ती उठून आत गेली.

बाप पुढे म्हणत होता, "रासोची परीक्षा झाली बाबू. आता अकरावीचा फारम निंघन. तिचा फारम तुमीच भरजा."

बाबूंनी दोन्ही हात जोडले. "माह्याकून नाई होत. मॅडमले सांगा."

"मी नेईन तिला चामोर्शीला," मी लगेच म्हटलं. "पहिल्याच दिवशी नेईन."

परतीच्या बसमध्ये आम्हाला मागची जागा मिळाली. समोरून खनिजाचे ट्रक येत होते आणि प्रत्येक वेळी बस कडेला थांबत होती. बाबू खिडकीशी बसले होते.

"मॅडम," मग ते म्हणाले, "आज तुम्ही लगेच हो म्हटलं."

"हो."

"त्या दिवशी 'नेते' असं दुसऱ्यांदा काऊन नाई म्हटलं? चाबी तं तुमच्या हातात होती."

रागानं विचारलं नव्हतं. व्हरांड्यात बसवलेल्या मुलींना त्यांनी विचारलं होतं त्याच सुरात विचारलं. मला म्हणता आलं असतं की तुम्हीच नको म्हणालात. जुरीही नको म्हणाली. दोन्ही खरंच होतं.

"पाऊस होता," मी म्हटलं. "रस्त्यावर हे ट्रक होते. भिजत एवढं लांब जायचा मला कंटाळा आला होता, बाबू. तुम्ही नको म्हणालात तेव्हा मला बरं वाटलं."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. आता हे काहीतरी भयंकर बोलणार म्हणून मी पदर मुठीत धरून बसले. त्यांनी फक्त मान हलवली आणि पुन्हा खिडकीकडे तोंड केलं. दोन ट्रक गेले. तिसरा गेल्यावर बस हलली.

"बरं झालं सांगितलं मॅडम," ते म्हणाले. "मी एकटाच उरून राह्यलो होतो."